शाळेचा वार्षिक ताळेबंद

प्रतिवर्षी आपल्या मंडळाचे वार्षिक संमेलन भरते, त्या वेळी ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. शेकडा नव्वदांहून अधिक गुण मिळविणारी मुलेमुली एकामागून एक व्यासपीठावर येतात, श्रीफळ व प्रशस्तिपत्र घेऊन खाली उतरतात, आईबापांचे डोळे भरून येतात, आणि पुढे स्मरणिकेच्या अखेरच्या पानांत त्यांची छायाचित्रे छापली जातात. हा सोहळा आम्हांस मनापासून प्रिय आहे. परंतु उमेदीची सर्व वर्षे खडूफळ्याच्या संगतीत गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. व्यासपीठावरील मुले मोजून झाली की आमची दृष्टी आपोआप मंडपाच्या मागील रांगांकडे वळते, आणि जी मुले वर आली नाहीत त्यांचे काय चालले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांत दुकानदारी आहे. दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी येणे किती व देणे किती हे पाहण्याची रीत त्यांस सांगावयास नको. येण्याची बाजू ठळक अक्षरांत मांडून देण्याची बाजू झाकून ठेवणारा व्यापारी स्वतःस फसवितो व अखेर पेढी बुडवितो. शाळादेखील गेली पावणेदोनशे वर्षे दरसाल आपला असाच ताळेबंद मांडीत आली आहे. परीक्षा, तपासणी, शेरेबुक, प्रगतिपुस्तक, मूल्यमापन अशी त्याची नावे बदलत गेली. तो कोणी मांडला, त्यात काय मोजले आणि काय मोजावयाचे राहून गेले, ह्याचा वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे. जे मोजले जाते तेच शाळेत शिकविले जाते, आणि जे मूल मोजले जात नाही ते शिकावयाचे राहते, असे आमचे मत झाले आहे. ते खरे की खोटे हे वाचकांनी शेवटी ठरवावे.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, मोडी वाचावी, पाढे आणि त्यांच्यासवे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ म्हणावी, हा तेथील क्रम. त्या शाळेस वार्षिक परीक्षा नव्हती, इयत्ता नव्हती, शेराही नव्हता. मुलास आलेले पत्र वाचता आले व व्याजाचा हिशेब करता आला, म्हणजे बापाच्या लेखी शिक्षण पुरे झाले. ही परीक्षा साधी खरी, पण तीत लबाडीस जागा नव्हती. तिचा मोठा दोष निराळाच होता. ज्यांच्या घरी पत्र येत नव्हते आणि ज्यांना व्याज घ्यावयाचे नसून केवळ द्यावयाचे होते, त्यांची मुले त्या शाळेच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

हा दोष ज्यांनी प्रथम ओळखला व दूर करण्यास कंबर बांधली, ते महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई होत. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे ३ जुलै १८५१ रोजी त्याच पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली, तेव्हा पहिल्या दिवशी आठ मुली आल्या होत्या. हळूहळू त्यांची संख्या अठ्ठेचाळीसपर्यंत गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत व १८५२ च्या १५ मार्चला वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १८५२ सालीच महार, मांग इत्यादी ज्ञातींच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली.

ह्या शाळांचा एक विशेष मुद्दाम सांगण्याजोगा आहे. चालक आपला ताळेबंद उघड्या सभेत मांडीत असत. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी मुलींची जाहीर परीक्षा झाली. नंतर १२ फेब्रुवारी १८५३ रोजी झालेल्या परीक्षेस तीन हजारांच्या आसपास लोक लोटले होते, असे वर्णन आहे. मधल्या काळात, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव करण्यात आला. ज्या शहरात मुलींस शिकविणाऱ्या बाईंच्या अंगावर शेणमाती फेकली जात होती, त्याच शहरात त्या मुली हजारो लोकांसमक्ष पुस्तक वाचून दाखवीत होत्या, ही गोष्ट वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावी.

त्या परीक्षेत काय मोजले गेले, हे अधिक महत्त्वाचे आहे. कोणती मुलगी पहिली आली, हे आज कोणास ठाऊक नाही. काल ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांतील किती जणी आज आत आल्या आणि त्यांना काय येऊ लागले, एवढेच त्या सभेपुढे मांडले गेले. ह्या ताळेबंदाचे खरे फळ दोनच वर्षांनी दिसले. ह्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मांग ज्ञातीतील मुलीचा, महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या शिक्षणाने त्या मुलीस समाजास जाब विचारण्याइतकी भाषा दिली. अशी प्रगती कोणत्याही गुणपत्रकाच्या रकान्यात मावत नाही.

ह्यापुढील प्रकरण निराळ्या प्रकारचे आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या आणि त्यांच्या तपासणीसाठी डेप्युटी इन्स्पेक्टर नेमले गेले. खेड्यातल्या लोकांनी त्यांस ‘दिपोटी’ केले. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, दारास आंब्याचे डहाळे लागत, मुले धुतलेल्या टोप्या घालून येत आणि मास्तरांचा जीव टांगणीस लागे. वर्षातून एका दिवसात साऱ्या शाळेची परीक्षा होई, शेरेबुकात चार ओळी पडत, आणि पुढील वर्षापर्यंत सारे शांत.

त्याच सुमारास विलायतेत एक नवी कल्पना निघाली होती. १८६२ साली रॉबर्ट लो ह्यांच्या सुधारित नियमावलीने असे ठरविले की, शाळेस सरकारी पैसा मिळावयाचा तो प्रामुख्याने मुलांच्या उत्तीर्णतेवर. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त बारा शिलिंग. त्यांपैकी चार हजेरीसाठी आणि आठ वाचन, लेखन व अंकगणित ह्या तीन विषयांतील परीक्षेसाठी. मूल एका विषयात नापास झाले की तेवढे पैसे कापले जात. कल्पना वरवर पाहता न्याय्य दिसते, कारण काम तसे दाम कोणास नको आहे? परंतु परिणाम काय झाला, तर मास्तरांनी क्रमिक पुस्तक मुलांकडून घोकून घेतले. मुलाच्या हाती पुस्तक असे, पण तोंडातून बाहेर पडे ते पाठांतर. कवी व टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे पस्तीस वर्षे तेथे शाळातपासनीस होते. ह्या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, असे त्यांनी आपल्या अहवालांतून पुन्हा पुन्हा बजाविले. शतक संपता संपता विलायतेने ही पद्धत सोडून दिली.

मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना निकालावर पैसे देण्याची ही चाल आली, आणि शाळेच्या चालकास हुशार मूल म्हणजे उत्पन्न व मंद मूल म्हणजे तोटा असा हिशेब करण्याचा मोह झाला. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने शिक्षणविषयक ठराव केला, त्यात ही पद्धत सोडून देण्याचे धोरण जाहीर झाले. म्हणजे एक पिढीभर शाळेचा ताळेबंद पैशांत मांडला गेला.

ह्या पद्धतीचा अंमल चालू असतानाच पुण्याच्या एका माणसाने तिच्या मुळाशी असलेला दोष लिहून ठेवला होता. १८८२ साली हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनातील आणखी दोन गोष्टींकडे आमच्यासारख्या मास्तरांचे व आपल्यासारख्या मंडळांचे लक्ष जावयास हवे होते. ते तितकेसे गेले नाही.

पहिली गोष्ट तपासणीची. वर्षातून एकदा डेप्युटीने येऊन जाण्याने शाळेचे म्हणण्यासारखे काहीही हित होत नाही, तेव्हा निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता शाळेस भेट द्यावी, असे जोतीरावांनी सुचविले. गावच्या अंमलदारांवर हे काम सोपवून उपयोग नाही, कारण त्यांना सवड नसते आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. स्पर्धेने शिष्यवृत्ती द्यावी हे तत्त्व म्हणून न्यायाचे वाटते. पण तिचा लाभ ज्यांना विद्येची गोडी आधीच लागली आहे अशाच वर्गांना होतो, व ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेले नाही ते मागेच राहतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या ह्या मागे राहिलेल्यांसाठी ठेवाव्या, असे त्यांचे म्हणणे होते. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचे हे विचार आहेत. आपल्या गुणगौरव समारंभाची यादी समोर ठेवून ते पुन्हा वाचावे, म्हणजे आमच्या मनातील खोड कोठून आली हे कळेल.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी हाच विचार राज्यकारभारात उतरविला. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांस जागा व साहाय्य दिले. आज महाराष्ट्रात ज्ञातिमंडळांची जी वसतिगृहे व शिष्यवृत्ती निधी दिसतात, त्यांच्या परंपरेत ह्या वसतिगृहांचे स्थान मोठे आहे. पुढे १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. ह्या दंडाचा अर्थ नीट समजून घ्यावा. शाळेत आलेल्यांचा हिशेब सर्वच ठेवतात. न आलेल्यांचा हिशेब ठेवल्याखेरीज दंड बसविताच येत नाही. सक्तीच्या कायद्याने अनुपस्थित मुलास प्रथमच कागदावर आणले.

तरीही पटावर नाव चढले म्हणजे मूल शिकले, असे होत नाही. १९२९ साली हार्टग समितीचा अहवाल बाहेर आला, त्यातील एक आकडा आम्ही अध्यापन विद्यालयात असताना पाठ केला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ साली चौथीत केवळ अठरा उरली होती. बाकीची ब्याऐंशी एकतर मधेच शाळा सोडून गेली, अथवा त्याच त्या वर्गात बसून राहिली. शिक्षणशास्त्राने ह्या दोहोंस अपव्यय व कुंठितता अशी भारदस्त नावे दिली. पण ही ब्याऐंशी मुले एका दिवसात गेली नव्हती. दर वर्षी प्रत्येक शाळेतून दोन-चार अशी ती निसटत होती, आणि त्या त्या वर्षीच्या शेरेबुकात बहुधा ‘काम समाधानकारक’ असाच शेरा पडत होता.

हे आम्ही दुसऱ्यास नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ह्या पापात आमचाही वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेवर चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. वार्षिक तपासणीची तारीख आधीच कळली होती. वर्गात एक मुलगा असा होता की त्यास जोडाक्षर वाचता येत नसे. मुलगा गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कधी फळा पुसून दे, कधी घागर भरून आण, अशी कामे आनंदाने करी. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही त्यास जवळ बोलावून सांगितले, “उद्या तू शेळ्या घेऊन गेलास तरी चालेल.” त्याने मान हलविली. तपासणी उत्तम झाली. साहेबांनी पाच मुलांकडून वाचून घेतले, पाचही जणांनी घडाघड वाचले, आणि शेरेबुकात ‘वाचनाची तयारी चांगली’ अशी ओळ पडली. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. आम्ही दोनदा निरोप धाडला, स्वतः मात्र त्याच्या घरी गेलो नाही. अखेर नियमाप्रमाणे हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले. शाळेस आपला उपयोग नाही हे त्यास आमच्याच तोंडून कळले होते. शेरेबुकातील ती ओळ नोकरीत आमच्या उपयोगी पडली, पण तिची किंमत कोणी चुकती केली हे आम्ही आजवर विसरलो नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या विषयाचा विचार अधिक खोलवर झाला. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर भागात प्रत्यक्ष काम केलेले शिक्षणतज्ज्ञ होते. दिल्लीहून अथवा मुंबईहून आलेल्या योजनेने शाळा सुधारत नाही. प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीस अनुसरून स्वतःची योजना स्वतः आखावी, असा त्यांचा आग्रह होता. जवळ पैसा नसला तरी शिक्षकांची मेहनत, गावाची साथ व असलेल्या साधनांचा नीट वापर ह्यांवर पुष्कळ काही करता येते, हा त्या विचाराचा गाभा. १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमाने क्षमतांवर भर दिला. अमुक धडा झाला की नाही ह्यापेक्षा अमुक गोष्ट मुलास येते की नाही हे पाहावे, अशी ती दृष्टी होती. आम्हां शिक्षकांना त्या वेळी रकाने भरताना घाम फुटला हे खरे. परंतु कोणत्या मुलास काय येत नाही हे त्या रकान्यांनी आम्हांस प्रथमच नावानिशी दाखविले, हेही तितकेच खरे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जोतीरावांनी १८८२ साली केलेली मागणी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती कायद्याने मान्य होण्यास एकशे अठ्ठावीस वर्षे लागली. ह्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. सातत्यपूर्ण मूल्यमापन आणले आणि आठवीपर्यंत मुलास नापास करून मागे ठेवण्यास बंदी केली. आणि दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या, व समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, असे ठरविले. पहिल्या गोष्टीचा आपल्याकडे विपर्यास झाला. ‘नापास करू नये’ ह्याचा अर्थ ‘शिकविले नाही तरी चालेल’ असा पुष्कळांनी केला. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. दुसऱ्या गोष्टीचे काय झाले, हे प्रत्येकाने आपापल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे. समितीच्या सभेचे इतिवृत्त लिहिलेले असते व खाली सह्याही असतात. सभेत कोणते मूल वाचू शकत नाही ह्याची चर्चा किती वेळा झाली, एवढाच प्रश्न विचारावा.

महाराष्ट्र शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा प्रत्येक मूल शिकले पाहिजे हेच ब्रीद धरले होते, आणि कित्येक जिल्हा परिषद शाळांनी त्या काळात मनापासून परिश्रम केले, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. परंतु सर्वांत डोळे उघडणारा ताळेबंद शाळेबाहेर मांडला गेला. २००५ पासून ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ नावाची पाहणी होते. तिचे कार्यकर्ते खेड्यात घरोघर जातात आणि मुलाच्या हाती एक साधा परिच्छेद देऊन तो वाचावयास सांगतात. शाळेऐवजी घरी जाण्याचे मर्म आमच्या त्या शेळ्या राखणाऱ्या मुलाच्या गोष्टीत आहे. शाळेत गेले तर हजर मुलेच भेटतात. घरी गेले तर सर्व भेटतात. महामारीमुळे २०२० च्या मार्चपासून शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. त्यानंतर २०२२ साली झालेल्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. १९२९ च्या त्या अठरांच्या आकड्यानंतर पटावरची मुले पुष्कळ वाढली, ही मोठी मिळकत होय. पण पूर्वी जे मूल शाळा सोडून निसटत होते, ते आता शाळेत बसल्या बसल्या निसटते आहे.

एवढा इतिहास पाहिल्यावर शाळेचा वार्षिक ताळेबंद कसा असावा, ह्याविषयी आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

ताळेबंदाचा आरंभ गावाच्या यादीपासून व्हावा. वस्तीत सहा ते चौदा वर्षांची मुले किती, त्यांतील पटावर किती, आणि पटावरची रोज येतात किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की निम्मे सत्य बाहेर येते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर कोठे जातात, आणि सातवीनंतर कोणत्या मुलींचे येणे कमी होते, हे त्यातूनच दिसते.

दुसरे असे की, प्रत्येक मुलाने न शिकविलेला, न पाहिलेला उतारा एकट्याने वाचून दाखवावा. पाठ झालेल्या धड्याचे वाचन हे वाचन नव्हे, हे विलायतेने फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे.

तिसरे, मुलाची तुलना त्याच्या गेल्या वर्षाशी करावी. गेल्या साली ज्यास अक्षरओळख नव्हती तो यंदा शब्द वाचू लागला, तर त्याची व त्याच्या गुरुजींची ती मोठी कमाई समजावी. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तिची सांगड घालू नये.

चौथे, आणि सर्वांत अवघड, म्हणजे गेल्या वर्षी काय करण्याचे ठरविले होते ते प्रथम मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांतील काय झाले व काय राहिले ते सांगावे, आणि मगच पुढील वर्षाची योजना मांडावी. मागे राहिलेल्या मुलांसाठी कोण, कोणत्या वेळी, काय करणार, हे नावानिशी ठरले नाही तर तो ताळेबंद कागदावरच राहील. आणि जोतीरावांनी सुचविल्याप्रमाणे हे सारे वर्षातून एकदा न होता दर तिमाहीस व्हावे.

आता ह्यात आपल्या मंडळाचे काम काय, असे कोणी विचारील. आमच्या मते ते पुष्कळ आहे. शेकडा नव्वद गुण मिळविणाऱ्या मुलाचे कौतुक जरूर करावे. त्याच्या कष्टाचे ते चीज आहे. परंतु शिष्यवृत्ती निधीतील निदान काही भाग जे मूल मागे पडले आहे त्याच्या शिकवणीसाठी, चष्म्यासाठी अथवा एस. टी. च्या पाससाठी राखून ठेवावा. आपल्या सभासद कुटुंबांत निवृत्त शिक्षक व शिक्षिका बऱ्याच आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेतील तीन मुले वर्षभर वाचावयास शिकवावी, असे ठरविल्यास त्यास कोणताही निधी लागणार नाही. आणि आपल्यांतील जे पालक शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी खडी, कुंपण व रंगरंगोटी ह्यांच्याबरोबर वाचनाचा विषय दर सभेस घ्यावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही तीन मुले निवडताना ती आपल्या ज्ञातीची आहेत की नाहीत, हे पाहू नये. मंडळ ज्ञातीचे असले तरी शाळा गावाची आहे. वर्गात मागच्या बाकावर बसलेले मूल वाचू शकत नाही म्हणजे साऱ्या वर्गाचा पाय मागे ओढला जातो, आणि त्याचा तोटा पुढच्या बाकावरील आपल्या मुलासही होतो. ज्या परंपरेतून आपली वसतिगृहे व शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या, त्या परंपरेच्या मुळाशी आपल्याहून मागे असलेल्यास हात देण्याचा विचार होता. ज्यांनी तो हात धरून वर येण्याचे भाग्य अनुभवले, त्यांनी तो पुढे करण्यास कचरू नये.

पुढील संमेलनात गुणवंतांच्या यादीबरोबर आणखी एक छोटी यादी वाचली जावी, अशी आमची नम्र सूचना आहे. गेल्या वर्षी ज्यांना वाचता येत नव्हते व यंदा येऊ लागले, अशा मुलांची ती यादी असावी. नावे जाहीर केल्याने कोणास संकोच वाटत असेल, तर केवळ संख्या वाचावी. ती संख्या प्रथम लहान असेल. आठांपासून अठ्ठेचाळीसपर्यंत जावयास पुण्याच्या त्या शाळेसही वेळ लागलाच होता. आमच्यापुरते म्हणाल, तर येत्या जूनपासून आम्ही आमच्या वस्तीतील तीन मुले घेण्याचे ठरविले आहे. त्यांत शेळ्या राखणारा एखादा असेल, तर त्यास आम्ही घरी जाऊन बोलावून आणू.

सुज्ञ ज्ञातिबंधुभगिनींनी ह्या सूचनेचा विचार करावा, व लेखनात काही अधिकउणे झाले असल्यास एका वृद्ध शिक्षकाचे बोल म्हणून उदार मनाने क्षमा करावी, ही विनंती. इत्यलम्.